मनकर्णाबाईचं फेअर

मनकर्णाबाईला अमरावतीच्या कापसाच्या बाजारात सगळे ओळखतात. नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई, पण नजर घारीची. दूरदेशी लढाई लागली आणि विलायतेला आपल्या वऱ्हाडचा कापूस हवासा झाला, तेव्हा साहेबाच्या वखारीत कापूस पारखायला तिला ठेवलं. चिमूटभर कापूस बोटांत ओढून ती सांगे, कोरडा की दमट, यंदाचा की गेल्या सालचा. पसंत पडला की गाठ शिवताना तोंडाशी कडुलिंबाची बोटभर काडी दुमडून खोवायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून ही तिची खूण. काडी दिसली की साहेब गाठ उघडून बघत नसे.

वखारीतले कारकून उत्तमराव, त्यांच्याकडून तिनं एक इंग्रजी शब्द उचलला. दुपारी आमच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकली की सुरू व्हायची. "वैनी, कापूस बरा असला तं साहेब फेअर म्हनते. आभाळ मोकळं असलं तरी फेअर. त्याची मडम गोरी, ते बी फेअर. काल दोन गाडीवानाइचा तंटा तोडला, तं उत्तमराव म्हने निवाडा फेअर झाला."

"एवढं सगळं एकाच शब्दात?"

"गरीब दिसते त्याइची भाषा. एकच लुगडं, सणालेही तेच अन् सरपणालेही तेच."

माझं पिठलं चाखून एकदा म्हणाली, "फेअर." मी खूश झाले. तर हसून म्हणते, "बेताचं, असाही एक अर्थ हाये!"

वडिलांनी मला अक्षरं शिकवली होती. रोजचा जप झाला की दिवसाच्या चार ओळी लिहायच्या, हा माझा नेम. तिचे ते अर्थही वहीत उतरून ठेवायची.

आमच्या घरची कापसाची आडत. माघात एके दिवशी घरचे म्हणाले, "देवळातल्या अन्नदानाच्या गव्हात कडुलिंब घालाचा हाये. टोपलीभर काड्या तोडून ठेव. बोटभर, दुमडलेल्या."

देवाचं काम, म्हणून आंघोळ करून, नाम घेत घेत तोडल्या. गव्हाला काड्या दुमडून कशाला, हे मनात आलं होतं. विचारलं नाही. वहीत मात्र लिहिलं: आज घरच्यांच्या सांगण्यावरून देवाच्या गव्हासाठी टोपलीभर काड्या तोडल्या.

आठव्या दिवशी वखारीत वजन जादा भरलं म्हणून काही गाठी फोडल्या, तर आत ओला कापूस, सरकीसकट. प्रत्येक गाठीच्या तोंडाशी दुमडलेली काडी. मनकर्णाबाईनं लाच खाल्ली असं ठरवून साहेबानं तिला काढून टाकलं.

ती आमच्याकडे आली ती बसली नाही. अंगणातल्या कडुलिंबाकडे बघत राहिली.

"वैनी, खालची फांदी उघडी कावून?"

मी सांगितलं. सगळं.

"मले चोर म्हनून राह्यले बजारात. हेच वखारीत येऊन सांगता का?"

रात्रभर देवापुढे बसले. सकाळी वही घेऊन मनकर्णाबाईबरोबर निघाले. वखारीची पायरी आजवर चढले नव्हते. आमचे घरचे तिथंच, काट्यापाशी उभे होते.

उत्तमरावांनी ओळ वाचली. म्हणाले, "बाई, घरचे म्हंजे कोन? सासरे, दीर का मालक? साहेबाले नाव लागते."

हळदीकुंकवाला उखाण्यात नाव घेतलं असेल, ते लाजत, ओळीत गुंफून. नुसतं कधीच नाही. घरच्यांनी माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली, अगदी थोडी. लग्नाच्या सतरा वर्षांत त्यांचा शब्द मी मोडला नव्हता.

"खुशालराव," मी म्हटलं.

साहेब पुष्कळ बोलला. त्यात तो फेअर शब्द दोनदा आला. मनकर्णाबाईनं अर्थ विचारला नाही. त्याच दिवशी तिला कामावर परत घेतलं.

आडत अजून चालते. घरचे माझ्याशी बोलत नाहीत, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण ओसरीवर बसून एखादा अध्याय वाचायला घेतला की ती टोपली दिसते, आणि देवाचं नाव घेऊन काड्या दुमडणारे माझेच हात.

मनकर्णाबाई दारावरून जाते. पाणी आता चौकातल्या विहिरीवर पिते. एकदा मीच हाक मारली, "बसा ना घटकाभर." "काम हाये वैनी," म्हणाली, आणि पदर सावरून गेली.

गाठीवर आता ती बाभळीचा काटा खोवते म्हणे. आमच्या अंगणात बाभूळ नाही.