चिनी बाईची आजी आणि ह्यांची सही

दोन हजार सालच्या सुमाराची गोष्ट. कतारमध्ये, दोह्यातल्या बिन महमूद भागात आम्ही राहत होतो. ह्यांच्या ऑफिसचं एका चिनी कंपनीबरोबर काम निघालं आणि तिकडची दुभाषी बाई दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागली. माझ्याच वयाची, केस आखूड, सोलकढी बाजूला सारून साधं गरम पाणी मागणारी. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवसापासून ती माझ्या डोळ्यांत खुपली.

ती आपल्या आजीबद्दल सांगायची. आजीच्या शाळेत जपानहून, युरोपातून आलेले विचार भाषांतर होऊन मासिकांतून पोचले. लोकशाही, विज्ञान, आपल्या मर्जीचं लग्न. आजीनं वेणी कापली, ठरलेलं लग्न मोडलं आणि १९१९ साली ती विद्यार्थ्यांच्या मोर्चात सामील झाली. ऐकताना ह्यांचा घास हातातच राहायचा.

"ऐकतेस ना? केवढं धाडस!" हे मला म्हणायचे.

रत्नागिरीत कॉलेजात असताना मुलींच्या वसतिगृहासाठी मीही संप केला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण ह्यांनी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. कुठल्याशा परक्या देशातल्या मेलेल्या म्हातारीवर मी जळत होते.

तेव्हा मला एका शाळेत नोकरी मिळत होती. पण माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, म्हणून त्यांची हरकत नाही असं पत्र शाळेला हवं होतं. टाईप केलेला कागद दोन महिने फ्रिजवर पडून होता. विचारलं की उत्तर एकच, "बघू, इन्शाल्ला."

एका शुक्रवारी ती हसत म्हणाली, "आजोबाही त्याच मोर्चात होते. स्त्रियांच्या मुक्तीवर फार सुंदर बोलायचे. आजीला मात्र नोकरी करू दिली नाही."

हे पोट धरून हसले. तेच मी बोलले असते तर आठवडाभर अबोला.

माझं टाळकं सटकलं. कागद आणून ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "अहो, शाळेत पत्र द्यायचा उद्या शेवटचा दिवस आहे."

ह्यांनी कागद वाचला, मग तिच्याकडे पाहिलं. "आमच्याकडे असलं काही नसतं," असं इंग्रजीत म्हणत डाव्या हातानं खिशातलं पेन काढलं आणि सही ठोकली. तिनं टाळ्या वाजवल्या.

नोकरी मी पुढे सात वर्षं केली. पण सही करताना ह्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि तो जळफळाट अजून गेलेला नाही.