सुधारकांचा फोन मूळ पदावर

सुधारक शाळेत रुजू झाले तेव्हा पहिले काही दिवस ते आले आहेत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. प्रयोगशाळा सहायकाचं असंच असतं. परीक्षानळी फुटली की त्याची आठवण होते. शाळेनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका सकाळी, तिसऱ्या तासाला, शाळा सुटली तेव्हा.

म्हणजे शाळा सुटली नव्हती, सुटल्याची घंटा झाली होती. मुलांच्या लेखी या दोहोंत काही फरक नसतो. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, फाटकापर्यंत पोचेस्तोवर निम्मी शाळा घरी पोचली होती आणि उरलेली निम्मी रस्त्यात होती. चौकशीअंती कळलं, की शिपाई हातानं वाजवायचा ती घंटा नव्या सहायकांनी आपणहून, कुणी काही सांगितलेलं नसताना, आपोआप वाजणारी केली होती.

"घंटेत काही दोष नव्हता, बाई," ते अगदी शांतपणे म्हणाले. "वेळ तेवढी चुकली."

शिक्षकांच्या खोलीनं त्याच दिवशी त्यांचं नाव सुधारक ठेवलं. मुलांनी त्यांना जे डोक्यावर घेतलं ते अजून खाली ठेवलेलं नाही.

सुधारकांना बिघडलेल्या वस्तूंचं फारसं आकर्षण नव्हतं. बिघडलेली वस्तू काय, कुणीही दुरुस्त करतं. एखादी वस्तू व्यवस्थित चालताना दिसली की मात्र त्यांचे हात शिवशिवायचे. त्यांच्या घरी बैठकीच्या खोलीतला पंखा माणसाची हालचाल ओळखून सुरू व्हायचा आणि हालचाल थांबली की बंद पडायचा. त्यामुळे उन्हाळ्यात सगळं कुटुंब हात हलवत बसलेलं असे आणि समोरच्या घराला वाटे, यांच्याकडे सारखी भांडणं चालतात. दाराची कडी आधी वर उचलायची, मग डावीकडे सारायची, मग थोडं थांबायचं. ही सोय चोरांसाठी होती. चोर काही आले नाहीत, पण पाहुणेही यायचे थांबले. स्वयंपाकघरातल्या नळाला त्यांनी सायकलच्या ब्रेकची तार जोडून खाली पायपट्टी बसवली होती. पट्टी दाबली की पाणी, सोडली की बंद.

घरात एकच वस्तू त्यांच्या तावडीतून सुटली होती. बायकोचं शिलाई मशीन. ती घरीच शिवणकाम करायची. एकदा सुधारकांनी त्या मशीनकडे जरा जास्त वेळ प्रेमानं पाहिलं, तेव्हा तिनं हातातली कात्री टेबलावर ठेवली. आवाज करून ठेवली. सुधारकांनी कानाला खडा लावला.

फोन मुळात तिचाच होता. कपड्यांची मापं नि नमुने गिऱ्हाइकं फोनवर पाठवतात म्हणून तिनं तो स्वतः दुकानात जाऊन घेतला, स्वतःच चालू केला. काही महिने तो तिच्याकडे सुखात होता. मग सुधारकांनी निकाल दिला, की इतका चांगला फोन निव्वळ बाह्यांची मापं बघण्यात वाया जातोय. आपला जुना फोन त्यांनी तिला मोठ्या मनानं दिला आणि तिचा घेतला.

त्यानंतर त्या फोनचं जे व्हायचं ते झालं. कंपनीनं भरलेलं सॉफ्टवेअर म्हणजे सगळा कचरा, असं सुधारकांचं मत होतं. तो कचरा त्यांनी मुळापासून काढला आणि जगात कुठंतरी बसलेल्या आपल्यासारख्याच काही हौशी मंडळींनी तयार केलेली वेगळी प्रणाली त्यात चढवली. फोन पूर्वीपेक्षा जलद झाला, बॅटरी जास्त टिकू लागली. फोटो तेवढे हिरवे येऊ लागले आणि फोनवर बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येऊ लागला. "त्यामुळे माणूस विचार करून बोलतो," सुधारक म्हणायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि अशा वेळी वरच्या कार्यालयालाही सुधारणेची हुक्की आली. हजेरीपटावरच्या सह्या बंद. आता प्रत्येकानं आपापल्या फोनवर हजेरीचं ॲप घ्यायचं, सकाळी फाटकात उभं राहून त्याला चेहरा दाखवायचा. खरं तर या निर्णयाचं सगळ्यात जास्त कौतुक सुधारकांनीच केलं. पहिल्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी फाटकात हजर होते. ॲप उघडलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: 'या फोनच्या मूळ प्रणालीत फेरफार झालेला आहे. हजेरी स्वीकारता येत नाही.'

सुधारक हसले. फोनला कळतंय काय, आपण त्यालाच कळेनासं करू. घरी जाऊन त्यांनी फेरफार लपवणारा आणखी एक फेरफार केला. दुसऱ्या दिवशी ॲप निमूटपणे 'हजर' म्हणालं. सुधारकांनी तो पडदा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना फिरवून दाखवला. दुपारी संदेश आला: 'संशयास्पद हजेरी रद्द.'

तिथून पुढं सुधारक रोज वेळेवर येत, दिवसभर काम करीत आणि गैरहजर राहत. विज्ञानाच्या सरांना तर पर्वणीच मिळाली. मधल्या सुट्टीत चहाचे पेले आले की ते सुधारकांच्या पुढचा पेला उचलायचे.

"सर, तो माझा आहे."

"कुणी बोललं का?" सर इकडंतिकडं बघत विचारायचे. "मला वाटलं खुर्ची रिकामी आहे."

महिना सरत आला तशी ही थट्टा मोठ्या बाईंना बोचू लागली. शुक्रवारी त्यांनी सुधारकांना बोलावून घेतलं.

"दुसऱ्या फोनवर का नाही करत हो हजेरी?"

"फोन एकदाच नोंदवता येतो, बाई. बदलायचा तर अर्ज वर जातो."

मोठ्या बाईंनी उसासा टाकला. वर गेलेलं काही खाली आल्याचं त्यांनी नोकरीत पाहिलं नव्हतं. "हे बघा. महिनाभर सलग गैरहजर असलेल्याचं पद रिक्त धरायचं, असा नियम आहे. सोमवारी महिना संपतो. संध्याकाळी हजेरीचा तक्ता आपोआप वर जाणार, तो मला थांबवता येत नाही. आणि एकदा रिक्त झालेलं पद आजवर कुणी भरलंय का, तुम्हीच सांगा."

"पण मी इथं आहे ना, बाई! तुमच्यासमोर उभा आहे!"

"मला दिसताय हो तुम्ही. माझ्या दिसण्याला काय किंमत आहे?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सुधारक, एकदा, फक्त एकदा, तो फोन होता तसा करा. माझ्यासाठी करा."

होता तसा करा! सुधारकांना आयुष्यात इतकं कठीण काम कुणी सांगितलं नव्हतं. घरी जाताना त्यांना प्रयोगशाळा आठवत होती: काचेच्या कपाटांचा वास, आपण लावलेल्या बाटल्यांची रांग, 'सर, हे फुगतं का?' असं विचारणारी पोरं. पद रिक्त झालं तर हे सगळं कुलूपबंद होणार, आणि मुलं आम्लाचं चित्र बघून आम्ल शिकणार. त्या मानानं एका फोनपुढं हार मानणं स्वस्त होतं. तरी जिवावर आलंच.

रविवारी सकाळी ते संगणकापुढं बसले. फोनचं मूळ सॉफ्टवेअर कंपनीच्या संकेतस्थळावर सरळ मिळत होतं. सोबत पानभर सूचना होत्या. सूचना ही कंपनीला हसण्यासाठी वाचायची गोष्ट आहे, असं सुधारक मानत आल्यानं त्यांनी पहिली ओळ वाचली आणि हसून सोडून दिलं. परिणामी पहिल्या खेपेला त्यांनी त्याच फोनच्या धाकट्या भावंडाचं सॉफ्टवेअर चढवलं. फोन सुरू झाला, पण डावीकडं बोट लावलं की उजवीकडचं उघडायचं आणि उजवीकडं लावलं की डावीकडचं. सुधारकांना ही कल्पना इतकी आवडली, की अर्धी सकाळ त्यांनी त्यातच घालवली. मग एकदम सोमवार आठवला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी सूचना शेवटपर्यंत वाचल्या. ही बातमी शाळेत कळली असती तर तिसऱ्या तासाला सुट्टी द्यावी लागली असती. मॉडेलचा क्रमांक ताडून पाहिला, योग्य सॉफ्टवेअर उतरवलं, तार जोडली आणि वाट बघत बसले. पट्टी हळूहळू पुढं सरकली. फोन बंद झाला, चालू झाला आणि अगदी नव्या नवरीसारखा समोर उभा राहिला. कंपनीचं चिन्ह, कंपनीचा कंटाळवाणा निळा रंग, सगळं जिथल्या तिथं. सुधारकांना भरून आलं, आणि त्याचा रागही आला.

तेवढ्यात फोननं विचारलं: 'हा फोन पूर्वी एका खात्याशी जोडलेला होता. मूळ मालकाचा पासवर्ड टाका.'

मूळ मालक आतल्या खोलीत बाही जोडत होता.

सुधारक तिला विचारणार थोडेच? त्यांनी तिचं नाव टाकलं. चूक. मुलीचं नाव टाकलं. मुलगी लग्न होऊन परगावी असते. तिचंही नाव चूक. मग त्यांनी लग्नाची तारीख टाकली.

"काय टाकलंत?" मशीन थांबवून बायकोनं दारातून विचारलं. सुधारकांना आकडे टाकताना मोठ्यानं म्हणायची सवय होती.

"आपल्या लग्नाची तारीख."

"ही कधीपासून?"

फोनला तारीख चुकल्याचं कळलं ते त्यानंतर.

शेवटी सुधारकांनी सगळं सांगितलं. शुक्रवारचं बोलणं, सोमवारचा तक्ता, रिक्त होणारं पद. महिनाभर त्यांनी घरी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"पासवर्ड आहे माझ्याकडं," ती म्हणाली. "टाकू की. पण आधी तो पंखा होता तसा करा."

"पंख्याचा इथं काय संबंध?"

"संबंध असा, की आज तुमचा हात मूळ पदावर आणायला बसलाय. उद्या नाही बसायचा. पंखा, मग दाराची कडी, मग नळ. तोवर मी ही बाही पुरी करते."

"अगं, पण जुने भाग कुठं राहिलेत आता?"

ती उठली आणि कापडांच्या कपाटाच्या तळातून एक पिशवी घेऊन आली. आत छोट्या छोट्या थैल्या होत्या, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडांतून शिवलेल्या. हिरव्या चौकड्याच्या थैलीत पंख्याचं बटण, फुलाफुलांच्या थैलीत कडी, तिचे चारही स्क्रू, निळ्या थैलीत नळाची तोटी. गेल्या कितीतरी वर्षांत सुधारकांनी ज्याज्यावर पाणी सोडलं होतं, ते सगळं तिनं उचलून ठेवलं होतं.

सुधारक पाहतच राहिले. "म्हणजे माझ्यावर तुझा विश्वासच नव्हता?"

"होता की. म्हणून तर ठेवलं."

दुपारभर सुधारक शिडीवर होते. पंखा बटणानं सुरू झाला आणि माणूस गप्प बसला तरी फिरत राहिला. दार एका हातानं उघडलं. समोरच्या घरच्या आजी ते बघायला आल्या नि चहा घेऊनच गेल्या. मग सुधारक पाना आणि निळी थैली घेऊन नळाखाली वाकले.

बायको तिथंच भांडी विसळत होती. दोन्ही हात खरकटे, पाय पट्टीवर. ती बाजूला होईना.

"सरक ना जरा. काढतो."

तिनं पट्टी दाबली, हात धुतले, पट्टी सोडली, पदराला हात पुसले. "हे राहू दे," ती म्हणाली. "चला, पासवर्ड सांगते. तुम्हीच टाका."

सुधारक बोट सरसावून बसले.

"हात लावू नका," ती म्हणाली.

सुधारकांनी दचकून बोट मागं घेतलं. "अगं, तूच तर म्हणालीस टाका."

"तोच आहे पासवर्ड. सगळं जोडून लिहा. नवा फोन घरात आणला त्याच दिवशी ठेवला होता."

सुधारकांनी एकेक अक्षर टाकलं, आणि फोन उघडला.

सोमवारी सकाळी फाटकात त्यांनी फोनला चेहरा दाखवला. फोन 'हजर' म्हणाला आणि दुपार उलटली तरी शब्द फिरवला नाही. संध्याकाळी तक्ता वर गेला. महिनाभराच्या गैरहजेरीत शेवटच्या दिवशी खंड पडला होता, आणि खंड पडला की गैरहजेरी सलग राहत नाही. नियमांचं एक बरं असतं, ते कुणाच्याही बाजूनं तितक्याच मख्खपणे उभे राहतात. मोठ्या बाईंनी त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत येऊन सुधारकांच्या पुढं स्वतःच्या हातानं चहाचा पेला ठेवला. विज्ञानाचे सर त्याकडे बघत राहिले, पण हात पुढं झाला नाही.

पुढच्या महिन्यात वरच्या कार्यालयानं ॲपमध्ये सुधारणा केली आणि ते कुणाच्याच फोनवर उघडेना. सगळी शाळा गैरहजर झाली. शिक्षकांच्या खोलीत सगळ्या नजरा सुधारकांकडे वळल्या. त्यांनी दोन्ही हात मागं बांधून घेतले.

सुधारक आजही त्याच प्रयोगशाळेत आहेत. फोन कंपनीनं दिला होता तसाच, निळा आणि कंटाळवाणा आहे. घरातला नळ मात्र अजून पायानंच चालतो, आणि त्याची तार सैल झाली की बायको त्यांना हाक मारते.