सेलूत राहिलेली केरसुणी

जुनी केरसुणी नव्या घरात न्यायची नसते, असं सासूबाई म्हणाल्या आणि मी वाद घातला नाही. तेवढं त्राण नव्हतं. बढती मिळून माझी सेलूहून परभणीच्या कचेरीत बदली झाली होती आणि सामान ट्रकमध्ये चढत होतं. "तिकडं नवी घेऊ," असं मीच म्हणाले.

आमची दोन्ही मुलं बोलत नसत. स्वमग्न हा शब्द आम्हाला फार पुढे कळला. नऊ वर्षांचा मुलगा भिंतीला तळहात लावून घरभर फिरायचा. परभणीच्या घरालाही भिंती होत्या, तो दिवसभरात रुळला. मुलगी सहा वर्षांची. जेवायला बसण्याआधी ती केरसुणीची झिजून मऊ झालेली टोकं गालावरून फिरवायची, मगच घास घ्यायची. नवी केरसुणी तिनं गालाला लावली, फेकली आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. फक्त पाणी प्यायची.

तिसऱ्या सकाळी दारात जीप आली. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव तणाव होता. एका गावात घरं जाळली होती, मला पंचनाम्याला जायचं होतं. मी पायरीवर थबकले.

"लेकरू उपाशी हाय आन माय निघाली गावं फिरायला," सासूबाई आतून म्हणाल्या.

माझे पती शाळेत शिक्षक. मुलांसाठी बिनपगारी रजा घेऊन घरी होते. त्यांनी चप्पल पायात सरकवली.

"तू जा. मी सेलूला जाऊन येतो."

"केरसुणीसाठी?"

"मग काय सत्कारासाठी? आई, तू पोरांजवळ बस. लक्ष्मी रुसली तर माझं नाव सांग."

मी गेले. काळ्या पडलेल्या भिंतीशी उभी राहून एक बाई सांगत होती आणि मी लिहीत होते: वाकळा, ज्वारीची कणगी, मुलीची पाटी. मधेच वाटलं, ह्यांची गाडी एव्हाना सेलूला पोहोचली असेल. त्या बाईसमोर हा विचार आल्याची लाज वाटली. मी मान खाली घालून पुढे लिहीत राहिले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा मुलगी केरसुणी मांडीवर घेऊन बसली होती. नव्या भाडेकरूंनी ती उकिरड्यावर टाकली होती, ह्यांनी शोधून काढली. गाडीत हातातली केरसुणी पाहून कुणीतरी विचारलं म्हणे, "मास्तर, सेलूचा फडा लय भारी असतोय व्हय?" हे म्हणाले, "व्हय, आमच्या पोरीला दुसरा चालत न्हाई." सांगताना हसले.

"दीड भाकरी खाल्ली," ते म्हणाले.

ते मी पाहिलं नव्हतं. मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं: पहिला घास दुधातला की वरणातला, स्वतःच्या हातानं की भरवला. त्यांनी पुन्हा सांगितलं. आमचा संसार असाच झाला. एकानं पाहायचं, दुसऱ्यानं ऐकायचं.

त्या दिवसापासून घरात एक केरसुणी कायम तयार होत असे. वापरातली तुटायच्या आत हे नवी आणत आणि मागच्या दारच्या दगडावर रोज थोडी घासत. टोकं मऊ व्हायला महिने लागायचे. निवृत्तीनंतरही त्यांचं हे काम सुटलं नाही.

यंदा पौषात ते गेले. तिरडी उचलल्यावर नणंदेनं घर झाडलं आणि रीतीप्रमाणे केरसुणी टाकायला निघाली. हातात मुलीची केरसुणी होती.

"ही नाही, वन्सं."

"अवं, सुतकाची हाय. घरात ठिवत न्हाईत."

"राहू द्या."

मी ती वन्संच्या हातातून काढून घेतली. उभ्या जन्मात रीतीला मी दिलेला हा पहिला नकार.

पण तीही आता दोरीपाशी सुटत चालली आहे. मागच्या दारी ह्यांनी अर्धी झिजवलेली दुसरी सापडली. रोज चहा झाला की ती घेऊन मी दगडाशी बसते. गालाला लावून पाहते. अजून टोचते.