डावऱ्यांचा बॅण्ड

आमच्या इमारतीखालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, कासमभाई गल्ल्यावर बसतात. मी काही लिहिणारा माणूस नाही आणि हेही नीट जमेल असं वाटत नाही. पण गेल्या हिवाळ्यापासून त्यांचं कुणाला तरी सांगावं असं सारखं वाटतं. माझी बायको मंदा म्हणते, मला सांगून झालं, आता कागदाला सांगा.

कासमभाई दापोलीकडचे. तरुणपणी लग्नाच्या बॅण्डमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. मग इथे कुवेतला आले आणि ड्रायव्हरकीत आयुष्य गेलं. येताना ट्रम्पेट आणलं होतं, ते अजून आहे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजव्या हाताची बोटं मात्र सावरली नाहीत. आणि ट्रम्पेटच्या कळा उजव्याच हाताच्या. ड्रायव्हरकी सुटली, गल्ला आला, आणि तेव्हापासून हा माणूस स्वस्थ बसत नाही. गल्ल्यावरून उठतात, दह्याचे डबे सरळ करतात, दारात जाऊन रस्ता बघतात, परत येऊन तेच डबे पुन्हा सरळ करतात.

एकदा मी खाली गेलो तर फोन चण्यांच्या डब्याला टेकवून ते काहीतरी बघत होते. काळापांढरा पडदा, जुन्या काळातला अमेरिकेतला मोठा बॅण्ड. स्विंग म्हणतात त्या संगीताला. पांढऱ्या कोटातली माणसं पायऱ्यांवर ओळीनं बसलेली, मध्येच ट्रम्पेटवाल्यांची ओळ एकदम उठून उभी राहायची आणि खांदे हलवत वाजवायची. माझाही पाय हलायला लागला, तो मी आवरला.

"बघा नंदूभाऊ, सगळे डावरे."

"सगळे कसे असतील?" मी म्हटलं.

"तिकडची पद्धतच तशी असणार. त्यांच्या गाडीचं स्टिअरिंग नाही का डाव्या हाताला? इथं आलो तेव्हा मी गाडी नव्यानं शिकलो. हेपण शिकेन."

एकाच माणसानं अशा पुष्कळ फिल्म नेटवर चढवलेल्या होत्या. कासमभाईंनी त्या सगळ्या बघितल्या. संध्याकाळी समुद्राजवळ भाच्याच्या उभ्या गाडीत बसून, काचा वर घेऊन, डाव्या हातानं सराव करू लागले. या भाच्याचं, तल्हाचं, सालमियात कॉफीचं दुकान आहे. त्याला मामाचं ट्रम्पेट दुकानाच्या भिंतीवर शोभेला लावायचं होतं. शेवटी कासमभाईंनी त्याला कबूल केलं, जानेवारीत आपली माणसं वफ्राच्या शेतावर सहलीला जातात, तिथं सगळ्यांसमोर वाजलं तर ट्रम्पेट माझं, नाही वाजलं तर तुझ्या भिंतीचं.

सहलीला आठवडा राहिला असेल. मी घरी फोनवर तीच फिल्म लावून बसलो होतो. मंदा मागून डोकावली.

"हे पुरुष बायकांचे कोट घालून का बसलेत?"

"काय?"

"बटणं बघा ना, कुठल्या बाजूला आहेत."

मी चष्मा पुसून बघितलं. मोठ्या ड्रमवरची अक्षरंही उलटी होती. फिल्मखाली बारीक अक्षरांत खुलासा होता, तो मी तोवर वाचलाच नव्हता. त्या काळी हॉटेलांतून नाणं टाकून फिल्म बघायच्या पेट्या असत. पेटीत आरसा असे, म्हणून फिल्म उलटी छापत. आरशात ती सुलट दिसे. इथे आरसाच नव्हता. त्या बॅण्डमधलं कुणी डावरं नव्हतं.

सांगावं, तर त्यांचा हात थांबेल. न सांगावं, तर वफ्राला कुणीतरी सगळ्यांदेखत सांगणार आणि हसणार. रोज खाली जायचो, काहीबाही बोलायचो आणि खुबूस, म्हणजे इथली रोटी, घेऊन वर यायचो.

"एवढे खुबूस कोण खाणार?" मंदा म्हणाली. "सांगून टाका एकदाचं."

सहलीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी सांगितलं. नीट नाही, अडखळतच. कासमभाई उठले. दुकानाच्या कोपऱ्यात चोरांवर नजर ठेवायला गोल आरसा लावलाय, तिथे गेले आणि फोन वर धरला. आरशात सगळा बॅण्ड उजव्या हाताचा झाला. आखं गाणं संपेस्तोवर ते तसेच उभे राहिले.

"म्हणजे डावरा मी एकटाच."

"सांगायला नको होतं का?"

"ते मला काय ठाऊक? पण उद्या समोर बसा. तुम्ही सांगितलंत, आता तुम्हीच बघा काय होतं ते."

मला रात्रभर झोप नाही.

वफ्राला जेवणं झाली तरी कासमभाई टॉवेलात गुंडाळलेलं ट्रम्पेट काखेत धरून टोमॅटोच्या हरितगृहांमधून फिरतच होते. इकडून दिसायचे, तिकडे नाहीसे व्हायचे.

"मामू, मी खिळा ठोकूनच आलोय," तल्हा ओरडला. लोक हसले.

ते आले आणि उभे राहिले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी समोर बसलो होतो. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा सूर फाटला. त्यांनी ओठ पुसले, माझ्याकडे बघितलं. मला मान खाली घालावीशी वाटली, पण घातली नाही. तिसऱ्यांदा लागलं. फिल्ममधलीच चाल होती. पाय ताल धरत होता, डाव्या हाताची बोटं कळांवर चाचपडत पुढे चालली होती. मधला जलद तुकडा जमेना, तो त्यांनी सोडून दिला, श्वास घेतला आणि पुढे जाऊन चाल पकडली. मग थांबले. टाळ्या जरा उशिरा आल्या.

"अर्धंच वाजलं, मामू," तल्हा म्हणाला.

"मग खिळा अर्धा काढ."

तल्हा हसला आणि टॉवेल उचलून मामाच्या हातात दिला. परतताना ते आमच्याच गाडीत होते. ट्रम्पेट मांडीवर, आणि डाव्या हाताची बोटं त्या सोडलेल्या तुकड्यात पुन्हा पुन्हा अडकत होती. आमचं बनेद अल-गार येईपर्यंत ती थांबली नाहीत.

अजूनही मी खुबूस घ्यायला गेलो की चण्यांच्या डब्याला टेकवलेला फोन चालू असतो. एकदा मी विचारलं, आता तरी आरशात बघायचं ना.

"तिकडं सगळे उजवे, बघून काय शिकू?" ते म्हणाले, आणि दह्याचे डबे सरळ करायला उठले.