खटखटीसकट फोन

माझा मामा शिलाई मशीन दुरुस्त करतो, त्यातल्या निम्म्या हात न लावता. बाई फोन करते. मामा म्हणतो, "रिसीव्हर मशीनजवळ धरा आणि चाक फिरवा. सावकाश." मग डोळे मिटून ऐकतो, "शटलखाली दोरा अडकलाय, झाकण काढून ओढा," एवढं सांगतो आणि फोन ठेवून देतो. फोनवरच्या इलाजाचे तो पैसे घेत नाही, म्हणून मामी त्याला 'फुकट डॉक्टर' म्हणते. त्याने उघडलेल्या प्रत्येक मशीनच्या पोटाखाली त्याचा नंबर चिकटवलेला असतो. ज्यांचं घर त्या मशीनवर चालतं त्या बायकांना स्वतःचा नंबर एक वेळ आठवणार नाही, हा तोंडपाठ असतो.

मी एका मोठ्या फोन कंपनीत आहे. तिथे मी वाक्यं लिहिते. तुम्ही तक्रार केलीत की "आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे" असं जे उत्तर लगेच येतं, ते माझं. त्यामुळे घरात मी कॉम्प्युटरमधली जाणकार. जुने तारेचे फोन बंद होणार अशी नोटीस मामाच्या दुकानात आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मलाही ते आवडलं. एका रविवारी मी त्याचा जुनाच नंबर आमच्या कंपनीच्या इंटरनेट फोनवर आणून दिला. फुकट. वर 'निर्मळ आवाज' ही सोय आपोआप चालू. तिची जाहिरातसुद्धा माझीच: गोंगाट गाळू, माणूस ऐकवू.

पंधरा दिवसांनी मामीचा फोन आला. "तुझा मामा दुकान बंद करायचं म्हणतोय."

मी गेले तेव्हा तो स्टुलावर बसून एकच स्क्रू घट्ट करत होता, सैल करत होता.

"कान गेले माझे," मामा म्हणाला. "बाया बोलतात ते स्वच्छ ऐकू येतं. पण मशीन फोनला लावली की काही नाही. नुसती शांतता. दोघींना अंदाजाने सांगितलं, त्यातल्या एकीची सुई मोडली. अंदाजाने सांगायला मी काय ज्योतिषी आहे?"

चाळीस वर्षं कानांवर जगलेला माणूस पंधरा दिवस हे मनात घेऊन बसला होता. मला खरंच भीती वाटली. दुकान नसेल तर हा सकाळी उठून करणार काय?

कानांच्या डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं आणि कान उत्तम असल्याचं सांगितलं. मामाचं समाधान झालं नाही. डॉक्टरांचं यंत्र बिघडलेलं असावं, असं त्याचं मत पडलं. दुकानात परतल्यावर मामीने त्याच्या पाठीमागे जाऊन गुपचूप एका मशीनचं चाक फिरवलं.

"बॉबिनची स्प्रिंग सैल आहे," मामा वळून न बघता म्हणाला.

"मग बहिरे तुम्ही नाही," मामी म्हणाली. "फोन बहिरा आहे."

मला माझीच जाहिरात आठवली. गोंगाट गाळू. मशीनची खटखट हा आमच्या लेखी गोंगाट होता आणि कंपनी तो इमानेइतबारे गाळत होती. ही सोय बंद करायचं बटण मी रात्रभर शोधलं. नव्हतंच. शेवटी रीतसर तक्रार केली. पाच सेकंदांत उत्तर आलं, "अभिनंदन. आपल्या कॉलमधला गोंगाट यशस्वीपणे काढण्यात आला आहे." हे वाक्य मी एका शुक्रवारी, घरी जायच्या घाईत लिहिलं होतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याला विचारलं, ही तक्रार पुढे कोण वाचतं? तो म्हणाला, "तूच ना?"

मामाने माझी वाट पाहिली नाही. दोन मोठ्या कंपन्यांना फोन लावले. एकीने संगीत ऐकवलं, दुसरीने इतकी बटणं दाबायला लावली की त्याने हात टेकले. तिसरा नंबर लाँड्रीच्या जिन्यावरच्या पाटीवरचा होता. दोन खोल्या, तीन माणसं, इंटरनेट फोनचीच कंपनी, आणि सेवा फुकट नाही. फोन मालकीणबाईंनीच उचलला.

"तोंडात घास होता त्यांच्या," मामा कौतुकाने सांगत होता. "म्हटलं, चला, माणूस आहे."

"तुमच्या फोनवर खटखट ऐकू येते का?" त्याने विचारलं.

"कसली खटखट? घेऊन या."

मामा सैल स्प्रिंगची ती मशीन खांद्यावर घेऊन जिना चढला. बाई बाहेरच्या खोलीत फोनजवळ चाक फिरवत बसल्या, मामा आतल्या खोलीत रिसीव्हर कानाला लावून. आधी थोडंच ऐकू आलं. बाईंनी कॉम्प्युटरवर काहीतरी बंद केलं आणि पुन्हा चाक फिरवलं. मामा आतून ओरडला, "स्प्रिंग. स्प्रिंग सैल आहे." ते त्याला आधीच माहीत होतं. तरी घरी येऊन तो मामीसमोर रडला, हे मामीनेच मला सांगितलं.

"तीन माणसांची कंपनी, मामा," मी म्हणाले. "उद्या बंद पडली तर?"

"माझी एका माणसाची आहे," तो म्हणाला. "ती तुमच्यामुळे बंद पडत होती."

नंबर मालकीणबाईंच्या कंपनीकडे गेला त्या दिवशी मी दुकानातच होते. पहिला फोन सुई मोडलेल्या बाईचा. दोन मिनिटांत तिची मशीन मार्गी लागली. दुसरा फोन आमच्या कंपनीचा, यंत्राचा. मामाने तो स्पीकरवर टाकला.

"आम्हाला सोडून जाण्याचं कारण कृपया आपल्या शब्दांत सांगा."

माझं वाक्य. मामाला ते कळलं असावं, कारण त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग रिसीव्हर टेबलावरच्या मशीनजवळ धरला आणि चाक फिरवलं. दुकानभर खटखट झाली.

"क्षमस्व," आवाज म्हणाला, "आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

हेही माझंच. मामाने रिसीव्हर तसाच धरून ठेवला आणि मशीन माझ्याकडे सरकवली.

"आता तू फिरव," तो म्हणाला.

मी फिरवलं.