बेंचखालचं कॅरेट

कुलथे साहेबांनी बसायला खुर्ची दिली, तेव्हाच प्रफुल्ल केदारेच्या मनाने घेतलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

सातपूरच्या त्या कारखान्यात तो वीसेक वर्षं लेथ मशीनसमोर उभा होता. गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये बसणारे शाफ्ट त्याच्या हाताखालून जायचे. मशीनवाल्याला कोणी खुर्ची देत नाही आणि काही वर्षांनी त्यालाही तिची आठवण राहत नाही. वरच्या काचेच्या केबिनमध्ये तो आजवर फार तर पाच-सहा वेळा गेला असेल. प्रत्येक वेळी टेबलाच्या अलीकडे हात मागे बांधून उभा राहिला होता आणि 'हो साहेब' म्हणून खाली आला होता. त्या बुधवारी मात्र कुलथेंनी स्वतः उठून खुर्ची पुढे ओढली. चहा मागवला, तोही कपबशीत. आईचा गुडघा आता कसा आहे, म्हणून विचारलं.

आईचा गुडघा यांना कोणी सांगितला?

कुलथे दिवाळीनंतर पुण्याहून आलेले मॅनेजर. बोलणं मोजकं, आवाज कधी न चढणारा. त्यांनी सांगितलं ते असं, की लाइनचा सुपरवायझर उन्हाळ्यात निवृत्त होतोय, त्याच्या जागी बाहेरून कोणी आणण्यापेक्षा खालचाच माणूस घ्यायचा विचार आहे, तर प्रफुल्लने स्टाफमध्ये यावं. सोमवारपर्यंत काय ते सांगावं. आणि तोवर खाली कुणाशी बोलू नये.

हे शेवटचं त्यांनी कप खाली ठेवता ठेवता सहज टाकलं. प्रफुल्लला तेच सगळ्यात मोठ्याने ऐकू आलं. मान हलवताना त्याची नजर टेबलाच्या कडेला गेली. तिथे द्राक्षांचं खोकं होतं आणि त्याच्यावर छापलेलं बागेचं नाव त्याच्या ओळखीचं होतं. दिंडोरीकडच्या त्या बागेतली द्राक्षं दर मोसमात लाइनवरही यायची. पुंजा आणायचा. पण तो आणायचा पिशवीतून, घडाचे गळालेले मणी. खोकं त्याने खाली कधी कुणाला दिलेलं नव्हतं.

पुंजा हा समोरच्या मशीनवरचा. वयाने बराच मोठा, सकाळी बागेत पाणी सोडून मोटारसायकलवर कामावर येणारा. प्रफुल्लला मशीन त्यानेच शिकवलेलं. प्रफुल्ल खाली आला तेव्हा पुंजाने हातातला शाफ्ट पुसता पुसता विचारलं, काय म्हणत व्हता साहेब. प्रफुल्लने सांगितलं, पीएफचं काहीतरी आहे, आधारवरचं नाव जुळत नाही. इतक्या वर्षांत पुंजाशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला. आणि पुंजा त्यावर नुसता हसला.

ते हसू प्रफुल्ल घरी घेऊन गेला.

कॉलनीतल्या त्याच्या दोन खोल्यांत आई विमलाबाई दाराशी पाय पसरून बसलेली असायची, गुडघ्याला तेल लावून. त्याने तिला आणि बायकोला, आशाला, एकदमच सांगितलं. आशा पोळी लाटायची थांबली आणि तिचं तोंड उजळलं. विमलाबाईने मात्र एकच विचारलं.

"खुर्ची दिली का बसाले?"

प्रफुल्लने हो म्हटलं. म्हातारीने तेलाची वाटी उचलून बाजूला ठेवली.

त्या घरात खुर्चीला एक इतिहास होता. प्रफुल्लचा बाप सावळीराम सटाण्याकडून आलेला, सातपूरच्याच औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या एका कारखान्यात हेल्पर होता. मशीनखालचा लोखंडाचा कीस गोळा करायचा. जन्मभर त्याला ऑफिसात एकदाच बोलावलं. साहेबाने खुर्ची दिली, चहा दिला, पोरं काय शिकतात ते विचारलं आणि मग एका कागदावर सही करायला सांगितली. सावळीरामने ती न वाचताच केली. घरी आला तो खुशीत आला, साहेब फार चांगला माणूस आहे म्हणाला. महिन्याच्या अखेरीला कळलं की त्याने आपल्या मर्जीने नोकरी सोडलेली आहे. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला, पण कोणाच्या घरी गेला तरी खुर्चीवर बसत नसे. भिंतीला टेकून खाली बसायचा. लग्नकार्यात लोक आग्रह करायचे, तो हात जोडायचा.

"तो साहेब कसा शे, ते काय आपल्याला ठाऊक," एवढंच विमलाबाई रात्री जेवताना म्हणाली.

आशाला हे पटण्यासारखं नव्हतं. तिचं म्हणणं सरळ होतं. दादांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वेळचे दिवस गेले. इतकी वर्षं काम चोख केलं, कुणाच्या तरी नजरेत भरलं असेल. साक्षी यंदा कॉलेजात गेली आहे, तिलाही बापाचं काही सांगता येईल. प्रफुल्ल पाठ शेकत पडला होता, तो छताकडे बघून म्हणाला की माझ्यापेक्षा जुनी माणसं लाइनवर आहेत, त्यांना सोडून मलाच का. त्यावर आशा म्हणाली, "तुमच्या ताटात कुणी गोड वाढलं, की तुम्ही आधी वाढणाऱ्याचे हात बघता."

खरं तर त्याला ती जागा हवी होती. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, पण गुरुवारी सकाळी कपाटातला फिका आकाशी शर्ट काढून त्याने अंगाला लावून पाहिला. स्टाफचे लोक तसले घालायचे. त्याच्या हातांना मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटचा वास कायमचा बसला होता, बोटांमधली कातडी उन्हाळ्यात फाटायची, आणि डाव्या कानात मशीन बंद झाल्यावरही मशीन चालू राहायचं. आरशातला माणूस त्या शर्टात बरा दिसत होता. म्हणूनच त्याला त्याचा संशय आला.

मलाच का, याची उत्तरं तो मशीनसमोर उभा राहून शोधत राहिला. एक उत्तर जुनंच होतं. बाहेरून तपासणीला येणाऱ्या लोकांना दाखवायला आपल्या समाजाचा एक माणूस स्टाफमध्ये हवा असेल. ते कडू होतं, पण निदान गिळता येण्याजोगं होतं. दुसरं उत्तर त्याच्या पायाशी, बेंचखाली होतं.

बेंचखाली एक निळं प्लॅस्टिकचं कॅरेट होतं, टोमॅटो भरायचं. पुंजाने कधीकाळी शेतावरून आणलेलं. त्याच्यावर मशीन पुसायच्या चिंध्यांचा ढीग असायचा आणि चिंध्यांखाली शाफ्ट असायचे, तयार, तेल लावलेले, गंज चढू नये म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी पुन्हा हात फिरवलेले. दिवसाचं टार्गेट ठरलेलं होतं. ते पुरं झालं की मशीन अजून देऊ शकत असे, पण जास्तीचे शाफ्ट कुणी मोजणीला देत नसे, ते कॅरेटमध्ये जात. ज्या दिवशी कुणाला ताप असेल, कुणाची कंबर धरली असेल, कुणी मयतीवरून थेट पाळीला आला असेल, त्या दिवशी त्याचा आकडा कॅरेटमधून भरून निघे. चोरी नव्हती ती. माल कंपनीचाच होता आणि कंपनीतच राहत होता. पण वर हे कळलं, तर वरचे एवढंच म्हणाले असते की मशीन जास्त देतं म्हणजे टार्गेट वाढवा. मग तापात आणि कंबरदुखीत माणसं कुठे जातील, हे त्यांच्या हिशेबात आलं नसतं.

साक्षी लहान असताना डेंग्यूने सिव्हिलमध्ये होती. तेव्हा प्रफुल्ल रात्रभर तिच्या उशाशी बसून सकाळी मशीनवर यायचा आणि उभ्या उभ्या पेंगायचा. त्या सगळ्या दिवसांत त्याचा मोजणीचा ट्रे रिकामा राहिला नाही. पुंजा येता-जाता चिंध्या उचलायचा आणि बोलायचा काही नाही.

आता सुपरवायझर म्हणून उभा राहणारा माणूस याच बेंचसमोरून फिरणार होता. म्हणजे कुलथेंना प्रफुल्ल नको आहे, त्यांना कॅरेट हवं आहे. हे एकदा मनात आलं आणि मग सगळं त्याच्यामागे रांगेत येऊन उभं राहिलं. खाली बोलू नका, हे त्यासाठी. आईचा गुडघा, तो त्यासाठी. आणि कॅरेटचं कुलथेंना सांगितलं कुणी? टेबलावरचं खोकं त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. पुंजाची निवृत्ती जवळ आली होती. धाकट्या मुलाला कंपनीत चिकटवायचं त्याच्या मनात होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुडघ्याचंही पुंजालाच माहीत होतं. आणि तो हसला होता.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत पुंजाने नेहमीसारखी भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे सरकवली. प्रफुल्ल पोट बरं नाही म्हणाला. पुंजा म्हणाला, लेका, साहेबाचा चहा बाधला वाटतं. बाकीचे हसले. चहाचं प्रफुल्लने कुणालाही सांगितलं नव्हतं.

रविवारभर तो घरात न बोलता फिरला. आशाने आकाशी शर्टाला इस्त्री करून तो खुंटीला लावला. संध्याकाळी त्याने आपल्या मनाशी ठरवलं. जागा घ्यायची, पण आधी सगळं साफ बोलायचं. आपल्याला कशासाठी घेताहेत ते आपल्याला कळतं, हे त्यांनाही कळू द्यायचं. बापासारखं खुशीत यायचं नाही. डोळे उघडे ठेवून सही करायची.

सोमवारी त्याला पुन्हा खुर्ची मिळाली. तो बसला. कुलथेंनी विचारलं, मग काय ठरलं. घरून निघाल्यापासून जुळवलेली वाक्यं त्याने एका दमात म्हणून टाकली.

"साहेब, पुंजाने तुम्हाला कॅरेटचं काय सांगितलंय ते मला माहीत नाही. पण ते बंद करायला म्हणून मला वर घेत असाल, तर ते माझ्या हातून होणार नाही. बाकी काम काय सांगाल ते करीन."

कुलथेंच्या भुवया जराशा जवळ आल्या.

"कोणतं कॅरेट?"

पंख्याचा आवाज एवढा मोठा असतो, हे प्रफुल्लला तोवर माहीत नव्हतं. त्याने त्या चेहऱ्यावर नाटक शोधलं, फार जोर लावून शोधलं, कारण आता त्याला ते तिथे असायला हवं होतं. ते नव्हतं, किंवा असलं तरी त्याला दिसण्याजोगं नव्हतं. कुलथेंनी हातातलं पेन टोपण लावून खाली ठेवलं आणि त्याच न चढणाऱ्या आवाजात सांगितलं की पुंजाभाऊ आले होते, खरं आहे. ही जागा आधी त्यांनाच विचारली होती. ते म्हणाले, माझी थोडी वर्षं राहिली, मला नको, त्या केदारेला करा, त्याची आई आजारी असते आणि त्याच्याइतका सरळ माणूस लाइनवर नाही. जाताना द्राक्षं ठेवून गेले. प्रफुल्लशी बोलणं झालं का, म्हणून नंतर दोनदा विचारून गेले.

"तर कॅरेट," कुलथे म्हणाले. आता ते खुर्चीत थोडे पुढे सरकले होते. "तुम्हीच येताय सुपरवायझर म्हणून, तर तुम्हीच दाखवा मला. दुपारी खाली येतो."

जागा तीच होती. घरी खुंटीवरचा शर्ट तोच होता, काचेतून दिसणारी लाइनही तीच. एवढंच, की ज्या प्रश्नाची प्रफुल्ल चार दिवस वाट बघत होता, तो आता खरोखर टेबलावर होता आणि आणून ठेवणारा तो स्वतः होता. त्याने दोन्ही हात खुर्चीवर टेकले आणि उभा राहिला.

"मी येत नाही साहेब."

कुलथे म्हणाले, घाई करू नका. प्रफुल्ल म्हणाला, नाही, मशीनच बरं आहे. आणि दुपारचं काय, कुलथेंनी विचारलं. तोवर तो दारापर्यंत पोचला होता. जिना उतरताना त्याला वाटलं, बापाने निदान कागद तरी वाचला नव्हता.

खाली पुंजा शाफ्टला माप लावत होता. प्रफुल्ल त्याच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. पुंजाने वर बघितलं आणि त्याच्या तोंडावर तेच बुधवारचं हसू यायला लागलं. खुशखबर ऐकायच्या बेतात असलेल्या माणसाचं ते हसू होतं. प्रफुल्लला ते आत्ता वाचता आलं.

"कॅरेटचं मी सांगितलं," तो म्हणाला. "मला वाटलं तू आधीच सांगितलंय. दुपारी बघायला येणारेत."

पुंजाने माप खाली ठेवलं. मशीन बंद केलं. चिंधीने एकेक बोट पुसत राहिला.

"ष्टाफमधी चालला का मंग?"

"नाही."

"मंग सांगितलं कशापायी?"

प्रफुल्ल नुसता उभा राहिला, हात मागे बांधून, केबिनमध्ये राहायचा तसा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पण पुंजा बेंचपाशी खाली वाकला, चिंध्यांचा ढीग दोन्ही हातांनी बाजूला केला आणि कॅरेट बाहेर ओढलं. तेलाने शाफ्ट चमकत होते. शेजारच्या मशीनवरची माणसं एकेक करून वळून बघायला लागली.

"ते येण्याआधी आपणच नेऊन ठेवू मोजणीला," पुंजा म्हणाला. "धर त्या अंगानं."

कॅरेट एकट्याने उचलण्यासारखं नव्हतंच कधी. पुंजाने हात मागे करून पुढची बाजू धरली आणि चालायला लागला. प्रफुल्लने मागची धरली. मोजणीच्या टेबलापर्यंतची वाट लाइनच्या मधून जात होती आणि दोन्ही बाजूंनी मशीनं थांबत होती. मशीनवरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच गोष्ट उभी राहत होती. बुधवारी याला वर बोलावलं होतं, आणि आज हे बाहेर निघालं. उद्यापासून तो आकाशी शर्ट घालून येत नाही, हे त्यांना दिसेल. पण तेही त्यांना कुठल्यातरी डावाचा भाग वाटेल. त्याला स्वतःलाही तसंच वाटलं असतं.

वर काचेमागे कोणी उभं होतं की नाही, ते त्याने पाहिलं नाही. तो समोर बघत होता. समोर पुंजाची पाठ होती, कामाचा निळा शर्ट घामाने गडद झालेली, आणि ती एकाच चालीने पुढे जात होती.