पश्चिमेची काच

इमारतींच्या बाहेरच्या भिंती आणि काचा, या विषयावर आर्किटेक्टांसाठी नाशिकच्या एका हॉटेलात प्रशिक्षण होतं. आमच्यात दुपारच्या हजेरीची सहीसुद्धा सकाळीच ठोकायची आणि जेवून सटकायचं, अशी रीतच पडली आहे. मीही जेवण उरकून, बॅग खांद्याला लावून निघालो होतो.

पहिल्या रांगेतले पांढऱ्या मिशांचे एक आर्किटेक्ट खिडकीशी उभे होते. सकाळपासून ते प्रत्येक वक्त्याला एकच विचारत होते, "पश्चिमेला चालेल का?" आता त्यांनी काचेचे नमुने उन्हात मांडून ठेवले होते.

"यावर जरा हात ठेवा," ते मला म्हणाले. मी ठेवला आणि लगेच काढला.

"नाशिक रोडला मी एक शाळा केलीय. पश्चिमेला अख्खी काच. तेव्हा फार कौतुक झालं." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तुम्ही हात काढलात. तिथल्या पोरांना शेवटच्या तासाला उन्हातून उठून जाता येत नाही हो."

मी परत फिरून पहिल्या रांगेत, त्यांच्या खुर्चीशेजारी बसलो. बॅग मांडीवर घट्ट धरून ठेवली. आत मी काढलेले एका हॉस्पिटलचे नकाशे होते. पश्चिमेला वॉर्ड, आणि वॉर्डाला काच.